जस्तावरचा डॉमनिक

उत्तनमध्ये सेलेस्टिन मुनीसला चित्रकार असं कुणी म्हणत नसे. 'नावं लिवणारी सेलेस्टिन' म्हणत, आणि तेही काही खोटं नव्हतं. तिचा बाप होड्या रंगवायचा. बापाला मुलगा नव्हता, म्हणून ब्रश पोरीच्या हातात आला. पोरीचा हात लागलेली होडी बुडते, असं दोन-चार म्हातारे पुटपुटले. पण तिच्या अक्षरांचं वळण बघितल्यावर त्यांनीच आपापल्या होड्या तिच्यापुढे आणून उभ्या केल्या. देखणं काही दिसलं की माणूस आपले शकुन-अपशकुन गुंडाळून ठेवतो.

पुढे चर्चच्या फादरनी शब्द टाकला आणि ती मुंबईच्या आर्ट कॉलेजात गेली. तिथे सरांनी तिच्यापुढे जस्ताचा पत्रा ठेवला. यावर सुईनं कोरायचं, रेघांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवून यंत्रातून दाबायचं, की चित्र कागदावर उतरतं. सेलेस्टिननं बापाची होडी कोरली, नावासकट. कागद उचलला तर होडी उलट्या दिशेला निघालेली आणि नाव आरशात दिसावं तसं. अख्खा वर्ग खो खो हसला. छापाचं असंच असतं, पत्र्यावर जे डावं ते कागदावर उजवं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून सेलेस्टिन प्रत्येक चित्र आधी पातळ कागदावर काढायची, तो कागद पालथा घालायची, आणि मगच पत्र्याला सुई लावायची.

भाईंदर पूर्वेला, स्टीलची भांडी पॉलिश करणाऱ्या कारखान्यांच्या रांगेत एक गाळा रिकामा झाला, तो तिनं घेतला. तिथे तिचं छपाईचं यंत्र आलं. शेजारी दिवसभर भांड्यांचा खणखणाट, आणि मध्ये ही बाई शाईनं काळे झालेले हात घेऊन वाकलेली. तिचे छाप दिल्लीला गेले, जपानला गेले, बक्षिसं आली. तिची एक रीत मात्र सगळ्या चित्रकारांत गाजलेली होती. ठरलेल्या प्रती काढून झाल्या की ती जाड खिळा घेऊन पत्र्यावर आडवा-उभा ओरखडा मारायची, म्हणजे त्यातून पुन्हा छाप निघायला नको. ओरखडलेला पत्रा ती प्रदर्शनात चित्राच्या शेजारीच लावायची. आपल्या हातानं केलेलं आपल्याच हातानं संपवायचं, यात तिला मोठा अभिमान होता.

नवरा डॉमनिक होडीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. हा समुद्रावर, ती गाळ्यात. दोघांची गाठ पडली तर पडली. पण जेवढी पडायची तेवढी गोड पडायची, हे सांगायलाच हवं. डॉमनिकला वरच्या बाजूला एक सोन्याचा दात होता. लग्नानंतर होडीच्या दांड्यानं मूळचा दात पाडला, तेव्हा बसवलेला. त्याची त्याला इतकी लाज, की फोटो काढताना तो तोंड घट्ट मिटून उभा राहायचा. हसायचा तो फक्त माणसांसमोर.

ऑक्टोबरात वादळ आलं आणि डॉमनिकची होडी परतली नाही. बरोबरच्या खलाशांपैकी दोघे वसईच्या बाजूला किनाऱ्याला लागले, तेही जिवंत नाही. दशरथ तेवढा वाचला, कारण त्या खेपेला तो तापानं फणफणून घरीच पडलेला होता. हा दशरथ गुहागरचा, वीस वर्षं डॉमनिकबरोबर होडीवर. तो रोज जेट्टीवर जाऊन बसायचा. सेलेस्टिन मात्र जेट्टीवर गेली नाही. ती गाळ्यात जाऊन बसली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा दिवस येतो. सिमेटरीतल्या कबरी धुऊन फुलांनी सजतात, मेणबत्त्या लागतात. ज्यांचं माणूस मातीला मिळालंच नाही, ते मोठ्या क्रुसापाशी मेणबत्ती लावतात. आदल्या दिवशी सेलेस्टिनच्या मनानं घेतलं की मेणबत्तीशेजारी डॉमनिकचा चेहरा ठेवायचा, आणि तोही हसणारा. असा फोटो तर घरात नव्हता. तिनं सरळ पत्रा ओढला आणि सुई घेतली. ना पातळ कागद, ना पालथं घालणं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात चालत होता. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, मानेवरचे केस, खांद्याचा उतार, अर्धवट उघडे ओठ, ओठांत तो दात. एवढं खरं तिनं आयुष्यात काही काढलं नव्हतं.

तिनं छाप उचलून उजेडात धरला. दात उजवीकडे आला होता. डॉमनिकचा दात डावा. कॉलेजातल्या त्या होडीनंतर, सगळं आयुष्य सरत आल्यावर, तीच चूक. पण दुसरा पत्रा कोरायला ना वेळ होता ना बळ. 'जाऊ दे, देवाला ओळख पटेल,' असं म्हणत तिनं तोच छाप क्रुसापाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका बोंबील वाळत घालत होत्या, तेव्हा बांबूच्या दांड्यांखालून वाकून डॉमनिक चालत आला.

गावात काय झालं ते सांगायला नको. चर्चची घंटा वाजली, कुणी रडलं, कुणी नाचलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. सेलेस्टिननं मागितली नुसती आठवण, आणि देवानं अख्खा माणूस धाडला. कुठल्यातरी जहाजानं उचललं, कुठल्यातरी बंदरात सोडलं, ट्रकमधून आलो, असं तो म्हणाला. त्यापुढे काही विचारलं की गोंधळून हसायचा. तो हसला, तेव्हा सेलेस्टिननं पाहिलं. सोन्याचा दात उजवीकडे होता.

तो डाव्या हातानं जेवायला लागला. प्रार्थनेला छातीवर क्रूस काढला तोही डाव्या हातानं. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, "दर्यानं पालथा घालून परत धाडला ग त्याला," आणि स्वतःच्याच विनोदावर हसल्या. मुलगी क्रिस्टल मीरा रोडला शांती नगरात राहते, नर्स आहे. ती बापाला तपासायला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले की हृदय उजव्या बाजूला आहे, जन्मापासूनच असणार, असतं काही लोकांचं. क्रिस्टल खुश होऊन हे आईला सांगत आली.

"आणि दात?" सेलेस्टिननं विचारलं.

"दाताचं काय?"

"डावीकडं व्हता."

"मम्मी, सेल्फीत सगळं उलटं दिसतं ना, त्याने तू कन्फ्यूज झालीयस. मला तर आठवतही नाही कुठल्या साइडला होता. पप्पा आलेत, बस झालं ना यार!"

बस झालं. खरंच बस झालं, असंच सेलेस्टिननं स्वतःला समजावलं. आणि खोटं कशाला बोला, ती सुखात होती. डॉमनिक आता समुद्रावर जात नव्हता. दुपारी बसनं भाईंदरला यायचा, पूल ओलांडून पूर्वेला, हातात जेवणाचा डबा. ती काम करताना स्टुलावर बसून राहायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढा वेळ तिला नवरा कधी मिळालाच नव्हता. दुपारी ती त्याच्या छातीवर डोकं ठेवायची आणि ठोका उजवीकडून ऐकू यायचा. पहिल्यांदा तिनं दचकून डोकं उचललं होतं. मग हळूहळू तिचं डोकं आपणहून त्या बाजूला जाऊ लागलं.

दशरथ भेटायला आला. होडीवरच्या जुन्या गोष्टी निघाल्या. त्यानं दमणच्या कुठल्या रात्रीची आठवण काढली, मांडीवर थाप मारून हसला. डॉमनिकही हसला, पण रिकामाच. मग दशरथनं त्याला फाटलेलं जाळं दिलं, "सांध की, तांडेल." डॉमनिक ते हातात धरून बसून राहिला. कुठून सुरुवात करायची हेच त्याला ठाऊक नव्हतं. उलट किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीचं नाव तो धडाधड सांगत होता, कुठल्या नावाचा रंग कुठे उडालाय हेही.

जाताना दशरथ दारात थांबला. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण तांडेल माझ्याशी तुम्ही बोलता तसा बोलतो."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्हाला जेवढं माहीत, तेवढंच त्याला माहीत. बाकीचं गेलं कुठं?"

सेलेस्टिन त्याच्यावर भडकली. तापानं तुझं डोकं फिरलंय, माझ्या घरी मेला माणूस परत आला ते तुला बघवत नाही, असं वाट्टेल ते बोलली. दशरथ मान खाली घालून निघून गेला. पण चोराच्या मनात चांदणं. त्या दिवसापासून ती डॉमनिकला मुद्दाम काहीबाही विचारू लागली. तिला ठाऊक असलेलं तो बिनचूक सांगायचा. तिला ठाऊक नसलेलं काही विचारलं की तिच्याकडेच बघत राहायचा, जणू उत्तर तिनंच द्यायचंय.

याच सुमाराला मुंबईच्या गॅलरीतली मिनल गाळ्यात आली. सेलेस्टिनच्या आजवरच्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन ठरलं होतं. अशा प्रदर्शनाची चित्रकार जन्मभर वाट बघतात. क्रुसापासून परत आणलेला डॉमनिकचा छाप मिनलनं उचलून दारापाशी नेला.

"मॅडम, हे मधोमध लावू या. दाराच्या समोर. आणि प्लेट? नेहमीसारखी ओरखडून शेजारी?"

"ओरखडते," सेलेस्टिन म्हणाली.

मिनल गेल्यावर तिनं पत्रा टेबलावर घेतला. खिळा उचलला. हात जड झाला. असं आजवर झालं नव्हतं, एरवी ती शेकडो पत्रे भाजी चिरावी तसे मारून मोकळी झाली होती. 'कसली भुतंखेतं धरून बसलीयस,' म्हणत तिनं स्वतःलाच रागावलं आणि खिळ्याचं टोक नुसतं कडेला, खांद्याच्या रेघेवर, जरासं ओढलं. बोटभरही नाही.

संध्याकाळी घरी आली तर डॉमनिक ओट्यापाशी मासे साफ करत होता. त्याच्या खांद्यावर शर्टाला रक्त होतं.

"काय लागलं?"

"ठाऊक न्हाय गो. बसल्या बसल्या चिरलं."

जखम लहानशी, पण सरळ होती. सेलेस्टिननं हळद दाबून भरली. तिचे दात वाजत होते, आणि तो तिलाच विचारत होता की थंडी भरली का. दुसऱ्या दिवशी तिनं मिनलला फोन करून सांगितलं की पत्रा हरवला. सगळ्या कारकिर्दीत कामाबद्दल बोललेलं हे तिचं पहिलं खोटं. पत्रा तिनं चादरीत गुंडाळून गाळ्याच्या फडताळात सगळ्यात खाली ठेवला. मिनल कुरकुरली. ओरखडलेल्या पत्र्याशिवाय तुमचं चित्र लावायचं कसं, लोक काय म्हणतील, असं म्हणाली. सेलेस्टिननं ते चित्रच प्रदर्शनातून काढून घेतलं.

जानेवारीत दशरथ पुन्हा दारात आला. भांडण झाल्यापासून तो या बाजूला फिरकला नव्हता. तो आत येईना, म्हणून सेलेस्टिनच बाहेर गेली.

"वहिनी, एका बोटीच्या जाळ्यात एक माणूस आलाय. भाईंदरला सरकारी शवागारात ठेवलाय. ओळखण्यासारखं काही राहिलं नाही. पण दात आहे." त्यानं स्वतःच्या तोंडाकडे बोट नेलं आणि अर्ध्यावरच खाली घेतलं. "पोलिसांनी तुमच्या घरी विचारलंच नाही. का विचारतील? त्यांच्या लेखी तांडेल घरीच आहे. दोन-चार दिवसांत बेवारस म्हणून उरकून टाकतील."

"तू सांग त्यांना."

"मी कोण? घरचं माणूस लागतं. तुम्ही 'आमचा' म्हटलंत तरच पुढं तपासणी. वहिनी, वीस वर्षं मी त्याच्या ताटातला भात खाल्लाय. त्याला फादरच्या हातची माती मिळू नये?"

सेलेस्टिन आत आली. डॉमनिक खिडकीशी बसला होता, संध्याकाळचं ऊन त्याच्या तोंडावर होतं. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि इतके दिवस जे विचारायचं टाळलं होतं ते तिनं विचारलं.

"तू कोन हायस?"

त्यानं वाकून तिचा हात हातात घेतला. मग अगदी मायेनं म्हणाला, "तुला ठाऊक हाय तो."

"समुद्रात काय झालं? शेवटाला तो काय म्हनला? मला हाक मारली काय?"

"ते तुला कवा ठाऊक व्हतं, सेलू?"

ती त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. त्याचा डावा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. वाईट काही नव्हतं त्याच्यात, हेच तर मोठं दुःख. पण तिकडे, बर्फात, तिचा खरा माणूस एकटा पडला होता. ज्यानं तिला माहीत नसलेलं कितीतरी पाहिलं होतं, तो. त्याला परक्यासारखं पुरू द्यायचं आणि आपण इथे सुखानं जेवायचं? तिनं ठरवलं. जायचं, 'आमचा' म्हणायचं, आणि तिथूनच गाळ्यात जाऊन पत्र्यावर आडवा-उभा ओरखडा मारायचा. घरी येऊन त्याचं तोंड बघितलं तर धीर सुटेल, हे तिला ठाऊक होतं.

सकाळी निघताना डॉमनिकनं काही विचारलं नाही. फक्त तिच्या पदराला लागलेला पांढरा दोरा काढला आणि दार लावून घेतलं.

शवागाराच्या दारात दशरथ उभा होता, बरोबर एक हवालदार. आतल्या माणसानं नाकाला रुमाल बांधायला सांगितलं आणि कापड जेवढ्यास तेवढं वर केलं. सेलेस्टिनला वाटलं होतं की आपण कोसळू. ती कोसळली नाही. चेहरा असा उरलाच नव्हता. उरला होता जबडा, आणि त्यात सोनं चमकत होतं. डाव्या बाजूला.

हाच, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

पण म्हणण्याआधी एकदा त्याला आठवावं, म्हणून तिनं डोळे मिटले. लग्नाच्या मांडवात त्याला आठवलं. तिथे दात नव्हताच, अजून पडला नव्हता. मग जेट्टीवरचा आठवला, भरलेली होडी घेऊन आलेला, दुरूनच हसणारा. सोनं उजवीकडे चमकलं. क्रिस्टल झाली तेव्हाचा, इस्पितळाच्या दारातला. उजवीकडे. एकदा गाळ्यात येऊन शाईत बोटं घालून बसला होता आणि ती ओरडल्यावर खदखदून हसला होता. उजवीकडे. ती एकामागून एक आठवणी उघडत गेली आणि प्रत्येकीत तो तिच्याकडे वळून हसला, डाव्या हातानं तिला बोलावू लागला, आणि छातीशी डोकं नेलं तर उजवीकडून ठोके ऐकू आले. कुठेच काही चुकत नव्हतं. सगळं जिथल्या तिथे होतं.

तिनं डोळे उघडले आणि समोरच्याकडे पुन्हा पाहिलं.  इतके दिवस आपण कशाला भीत होतो, हेच तिला कळेना.

"न्हाय," ती म्हणाली. "आमचा न्हाय हा."

"वहिनी!" दशरथ ओरडलाच. "नीट बघा. त्याचा दात डावाच होता. तुम्हीच तर म्हणायचात डावा, क्रिस्टलला म्हणालात, साऱ्या गावाला म्हणालात."

"मी म्हनली व्हती?" तिला खरोखर नवल वाटलं. "दशरथ, जन्मभर मी डाव्याचं उजवं करत आलेय, मला नको शिकवू. डॉमनिकचा दात उजवाच. आन् डॉमनिक घरी हाय."

हवालदारानं खांदे उडवले. आतल्या माणसानं कापड ओढून घेतलं. दशरथ भिंतीला टेकून खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन हुंदके देऊ लागला. सेलेस्टिनला त्याची दया आली. तापानंतर बिचाऱ्याचं डोकं ठिकाणावर आलंच नाही म्हणायचं. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी आणून दिलं आणि ती बाहेर पडली. गाळ्यात जायचं काही कारण उरलं नव्हतं. तिनं उत्तनची बस पकडली.

मोठ्या क्रुसापाशी ती उतरली. समोरच ममताचं दुकान. तिनं एक मेणबत्ती मागितली.

"क्या हुआ चाची, आज किसके लिए?" ममतानं विचारलं.

"एक औरत है," सेलेस्टिन म्हणाली. "कहाँ की, पता नहीं. उसका घरवाला उधर भाईंदर में पड़ा है, कोई लेने नहीं आया."

वारा होता, मेणबत्ती पेटेना. तिनं हाताचा आडोसा करून ती लावली आणि त्या अनोळखी बाईसाठी प्रार्थना म्हणायला लागली. म्हणता म्हणता तिला रडू फुटलं, इतकं की दुकानातून ममता धावत आली. कोण असेल ती, कुठल्या दारात उभी असेल, रोज भात झाकून ठेवत असेल. मेलेल्याचं एक वेळ ठीक, पण त्या बिचारीला अजून कळलंही नसेल. सेलेस्टिननं तिच्यासाठी मनसोक्त रडून घेतलं, तोंड पुसलं, आणि डॉमनिक जेवायचा थांबला असेल म्हणून ती भरभर घराकडे निघाली.